झोळी हलत होती

दुपारी पावणेदोन वाजता मोरीतल्या नळाने हवा ओकायला सुरुवात केली. आधी बारीक फुस्स, मग घशात खाकरल्यासारखं काहीतरी. घर इतकं निवांत होतं की तेवढ्यानेही दिपाली दचकली. पाण्यासाठी नव्हे, झोपलेल्या लेकीसाठी, दर्शूसाठी. तिने बोटांवर चालत जाऊन नळाच्या तोंडाला फडकं बांधलं, पाइपाचं टोक ड्रममध्ये खोल सोडलं आणि परत आली. गोधडीवर दर्शू तशीच होती, एक पाय पोटाशी घेऊन.

बीडच्या बार्शी नाक्याकडच्या त्या गल्लीत नळ नवव्या-दहाव्या दिवशी यायचा. तो आला की बायका हातातलं काम टाकून धावायच्या. दिपाली मात्र पिठाचा डबा पुढे ओढून त्यावर वही ठेवून बसली. चार वर्षांची दर्शू दुपारी चाळीस मिनिटं झोपायची. नवरा सोमेश्वर नेकनूरच्या शाळेतून साडेसहाच्या एसटीने यायचा. मधली ती चाळीस मिनिटं तेवढी दिपालीची. त्यात तिला कथा लिहायची असायची आणि गेली साडेतीन वर्षं ती एकही पुरी करू शकली नव्हती. पहिला परिच्छेद जमायचा, दुसऱ्याला दूध उतू जायचं, तिसऱ्याला "आई, शू."

आज डब्यावर होती ती वही तिची नव्हतीच. ती भिवराआक्कांची होती.

मांजरसुंब्याच्या चौकात एका ढाब्याच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सात-आठ कथा लिहिणारी माणसं जमायची. बीड, नेकनूर, केज, पाटोदा, सगळ्यांनाच ते मधलं गाव सोयीचं. खाली ट्रकांचे ब्रेक आणि कढईचा चर्र आवाज, वर सतरंजी आणि कथा. दोन नियम होते आणि दोन्ही आक्कांनी घालून दिलेले. आपली कथा आपण वाचायची नाही, शेजारी बसलेल्याने वाचायची. "लिव्हणाऱ्याचा आवाज कथेला कडेवर घेतो. चालू द्या की तिला तिच्या पायानं," असं त्या म्हणायच्या. दुसरा नियम, अर्धी कथा आणली तर ती तशीच घरी परत न्यायची नाही. तिथल्या तिथे, बरावाईट जो सुचेल तो शेवट तोंडाने सांगायचा आणि मगच उठायचं.

आक्का नेकनूरच्या. अंगणवाडी चालवून निवृत्त झालेल्या, त्याआधी ऊसतोडीला जाऊन आलेल्या. अक्षरांना वरची रेघ न देता लिहायच्या. माडीवर दिपाली कायम त्यांच्या डाव्या हाताला बसायची, म्हणून पूर्वी दिपालीच्या कथा आक्का वाचायच्या आणि आक्कांच्या दिपाली. स्वतःचं वाक्य आक्कांच्या जाडसर आवाजात ऐकताना दिपालीला वाटायचं, हे आपण लिहिलं? साडेतीन वर्षांत कथेपेक्षा जास्त आठवण तिला त्या आवाजाची यायची. दसऱ्याच्या सुमारास आक्का गेल्या. मागच्या बैठकीला त्यांचा पुतण्या राम ती वही माडीवर देऊन गेला.

वाचायला अर्थात दिपालीच बसली. ऊसतोडीला गेलेली एक बाई, फडाच्या कडेला बाभळीला झोळी बांधते, लेकराला निजवते आणि कोयता घेऊन फडात शिरते. दुपारी परत येते. शेवटची ओळ अशी होती : 'झोळी हलत होती. वारं नव्हतं. तिनं झोळीचं तोंड उघडलं आन्'

पुढे पान कोरं.

"सांगा मग शेवट," पंडित सर म्हणाले. ते या मंडळींत सगळ्यांत थोरले. "नियम हाय."

दिपालीने वही छातीशी धरली. "सर, मी फेअर करून आणते. पुढच्या बैठकीला पूर्ण वाचू."

"तसं चालत न्हाई, दिपाली."

"चालू द्या हो सर," त्रिंबक म्हणाला. तो एसटीत कंडक्टर होता आणि त्याच्या कथांपेक्षा त्याची जीभ जास्त गाजलेली. "तीन वर्षं झाली, ताई नुसत्या चहाला येत्यात. ह्या निमित्तानं हाताला शाई तरी लागंल."

सगळे हसले. दिपालीही हसली. सरांनी चष्मा पुसला. "बरं. पण पुढच्या वेळी शेवटासकट पाहिजे. न्हाईतर तुमच्या जागंवर ती केजची पोरगी बसंल. वर्षभर थांबलीय बिचारी."

असं होऊन वही घरी आली आणि पडून राहिली; पुढच्या बैठकीला आठवडा उरला तेव्हा कुठे दिपालीने ती उघडली.

पहिल्या दुपारी तिने त्याच वहीच्या कोऱ्या पानांवर नुसती नक्कल केली. 'आन्'पाशी आली आणि थांबली. पुढे काय ते सुचेना. मग तिने लिहिणारे करतात तेच केलं : शेवट टाळायला मधलं वाढवायला घेतलं. बाईच्या पाठीवरून उतरणारा घाम घातला. पाचटाचा वास घातला. झोळी बांधलेलं लुगडं कोणत्या सणाचं, तेही घातलं. वाक्यं येत गेली, एकामागे एक, न अडता. साडेतीन वर्षांत असं झालं नव्हतं. मान वर केली तेव्हा चार वाजत आले होते आणि दर्शू अजून झोपलेली होती.

दिपालीने तिला हलवलं. ती उठली, डोळे चोळत हसली.

"काय गं, एवढी झोपलीस?"

"लई छान हलत होतं," दर्शू म्हणाली.

तिच्या केसांना ताज्या रसाचा, उग्र गोड वास येत होता. सकाळी शेजारच्यांनी ऊस दिला असेल, असं दिपालीला वाटलं. तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दर्शू साडेचारला उठली. तिसऱ्या दिवशी पाचला. त्या तिसऱ्या दिवशी तिच्या गालावर आणि दंडावर बारीक लाल रेघा होत्या, केसाने ओढल्यासारख्या.

"मांजरानं ओरबाडलं का काय?" संध्याकाळी सोमेश्वरने विचारलं.

"आपल्याकडं मांजर कुठं हाय?"

"मग?"

दिपालीने खोबरेल लावलं. लहानपणी ती आजोळच्या उसात शिरली होती. उसाची पात कशी चिरते ते तिला ठाऊक होतं.

"दुखतं का गं?"

"न्हाई. पण तिथं दोघींना जागा पुरत न्हाई. ती सरकतच न्हाई."

"कोण?"

दर्शूने खांदे उडवले आणि पोळीला गूळ मागितला. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, वाढीचं वय आहे, झोपू द्या म्हणाले.

खरं सांगायचं तर दर्शू झोपेत कुठे जाते ते दिपालीला तेव्हाच कळलं होतं. कळूनही ती पुढच्या दुपारी डब्यापाशी बसली. दर्शूला थोपटताना तिचं लक्ष वहीकडे होतं, आणि हात लवकर थांबावा म्हणून ती घाईने थोपटत होती. लाज वाटत होती. पण वाक्य असं चालून येत होतं, जसं माडीवर आक्कांच्या तोंडून यायचं. लिहिताना तिला तो जाडसर आवाज ऐकू यायचा. एकदा तिने मागची पानं उलटून पाहिली. बुधवारपासूनच्या तिच्या अक्षरांना वरची रेघ नव्हती.

शुक्रवारी तिने त्रिंबकला फोन केला. मागे गाडीचा खडखडाट होता.

"आक्कांची ती कथा. ती कधीपासून लिहीत होत्या हो त्या?"

"ती झोळीची? मी आलो तवापासून बघतो. बारा वर्षं. दर खेपंला पिशवीतून काढायच्या, आन् दर खेपंला म्हणायच्या, आज न्हाई."

"आणि नियम? अर्धी घरी न्यायची नाही, हा त्यांचाच ना?"

"आपल्यासाठी व्हता. त्यांना कोण बोलणार?" तो हसला. मग हसू विझलं. "ताई, न्हाई जमत तर सोडून द्या. मी त्या दिवशी गंमत केली. जागाबिगा कुणी घेत न्हाई तुमची."

"आक्कांना लेकरू होतं का, त्रिंबकभाऊ?"

तिकडे तिकिटाचं मशीन कुरकुरलं. कोणीतरी नेकनूर, दोन म्हणालं.

"प्यासिंजर हायेत," त्रिंबक म्हणाला. "ठिवतो."

शनिवारी दर्शू जेवता जेवताच पेंगली. पाऊण वाजता ती गोधडीवर होती. उद्या बैठक. शेवट आजच हवा होता आणि आज दिपालीला तो माहीत होता. रात्री भांडी घासताना तो आपोआप सुचला होता. झोळीत काय दिसलं ते एका ओळीत. ती ओळ ऐकून माडीवर कोणी चहाचा कप उचलणार नाही, पंडित सर चष्मा काढून ठेवतील, हे ती आत्ताच पाहू शकत होती. पण ओळ लिहायच्या आधी तिने अजून एक परिच्छेद घातला. मग अजून एक. फडातून बाहेर येणाऱ्या बाईची पावलं मोजून मोजून टाकली.

तीन वाजले. चार वाजले. शेजारच्या घरात दूधवाला येऊन गेला.

पाच वाजता तिने हाक मारली. "दर्शू."

साडेपाचला ती जवळ गेली. अंग गरम होतं, श्वास नीट होता. खांद्याला धरून उचललं तर पोर भिजलेल्या गोधडीसारखी जड लागली.

"दर्शू. अगं ऊठ. बाबा येतील."

पापणीही हलली नाही.

तोंडावर पाणी मारलं. गालावरच्या रेघा पाण्याने लाल झाल्या.

फोन उचलून तिने सोमेश्वरचा नंबर लावला. लागला नाही. दवाखान्यात न्यायचं म्हणून ती चादर घ्यायला वळली आणि तिथेच थांबली.

वीज दुपारपासून गेलेली होती. पंखा बंद होता. खिडकीचा पडदा सरळ लटकत होता.

गोधडीवर दर्शू हलत होती. सगळीच्या सगळी. थोडी इकडे, थोडी तिकडे. संथ.

दिपाली वहीपाशी आली. पेन उघडं होतं. 'तिनं झोळीचं तोंड उघडलं आन्'

सुचलेली ओळ बोटांत येऊन उभी होती. ती ओळ चांगली होती. आयुष्यातली सगळ्यात चांगली. त्या ओळीत झोळीतलं लेकरू उठणार नव्हतं.

तिने ती लिहिली नाही.

तिने लिहिलं : 'आत दर्शू होती. जागी होती. आईनं तिला उचलून घेतलं.'

कच्ची, शाळेतल्या निबंधासारखी तीन वाक्यं. त्रिंबक पोट धरून हसेल. तिने पूर्णविराम इतका दाबून दिला की कागद फाटला.

हलणं थांबलं.

दर्शूने डोळे उघडले. दिपालीने तिला छातीशी ओढलं, केस हुंगले, कपाळ, तळवे. तळव्यांना काळी माती होती, ओली. ती पदराने पुसत राहिली. तिला रडू येत होतं आणि थांबत नव्हतं. पोर निमूट अंगाशी टेकून होती. मग तिने पाणी मागितलं, तांब्याभर प्यायली, आणि आईच्या खांद्यावरून पलीकडे, त्या रिकाम्या गोधडीकडे बघत राहिली.

"आई," ती हळूच म्हणाली, कुणाची झोप मोडू नये तशी. "तू तर आलीस. तिची आई कवा येणार हाय?"