दरीपलीकडची घंटा

तो गुरुवार अगदी नेहमीसारखा होता. दरीत धुकं साचलेलं, चुलीवर दूध, आणि दारात यावोर. खांद्याला रक्तदाबाचं यंत्र, बुटांना पाइनच्या ओल्या काड्या.

"आज उशीर केलास," रुमेना म्हणाली.

"वाट बघत होतीस?"

"मी कशाला? बाबा बघत होते."

"गाढवा!" बाबा खाटेवरून गुरगुरले. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून त्यांच्यापाशी तीनच शब्द उरले होते: हो, नाही आणि गाढवा. तिसरा खास यावोरसाठी होता.

रोदोपीच्या डोंगरातल्या त्या कडेच्या गावांना ना दवाखाना, ना फोनची रेंज. पहिल्या झटक्यातून उठलेल्यांना दुसरा येऊ नये, म्हणून यावोर रक्तदाब तपासत, गोळ्या देत गावोगाव पायी फिरायचा. या घरी तो आला, तोही चुकूनच... धुक्यात घंटेच्या आवाजामागे चालत राहिला, वाट सापडली असं वाटलं, आणि सापडली रुमेनाची बकरी. तिच्यामागे रुमेना.

बाबांनी जन्मभर बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा घडवल्या होत्या. बरं वाटलं की लोक गोळ्या बंद करतात, अशी तक्रार यावोरने केली, तेव्हा त्यांनी चांगल्या हाताने फळीवरच्या दोन घंटा काढल्या. एकाच सुरातल्या. एक त्याच्या हातात ठेवली, एक रुमेनाच्या. तेव्हापासून ठरलं: सकाळी बाबांनी गोळी घेतली की इकडून घंटा, आणि दरीपलीकडून यावोरच्या घंटेचं उत्तर— ऐकलं.

"तुमची घंटा हल्ली लाजत वाजते, काका," बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळत यावोर म्हणाला.

"नाही," बाबा म्हणाले आणि लेकीकडे बघत राहिले.

"एकशे तीस. छान! मीठ कमी केलेलं दिसतंय."

"सगळंच अळणी झालंय या घरात," रुमेना म्हणाली.

"सगळंच?"

दूध उतू गेलं.

"गाढवा," बाबा पुटपुटले. या वेळी ते यावोरकडे बघत नव्हते.

निघताना तो उंबऱ्याशी घुटमळला. "उद्या... जरा लवकर वाजवशील? उजाडायच्या आधीच जाग येते मला. मग नुसताच पडून ऐकत असतो—"

"काय ऐकतोस?"

"काही नाही. तेच तर."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा अंगणातल्या बाकावरून कलले, ते उठलेच नाहीत.

बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, गेलेल्याच्या नावाने वाटायच्या रीतीप्रमाणे, रुमेनाने गहू शिजवले, वर साखर भुरभुरली, शेजाऱ्यांना वाटले. सगळे गेल्यावर यावोर आला. रुमालात गुंडाळलेली घंटा त्याने टेबलावर ठेवली.

"तुमची आहे. परत द्यायला हवी." मग हळूच, "नाहीतर... ठेवू का मी?"

तिने गव्हाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्याची बोटं तिच्या बोटांपाशी थांबली.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"हृदय थकलं होतं म्हणाले. एवढंतेवढं काही चुकलं असेल तरी त्याने हे झालं नसतं."

"काय चुकणार? दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही, रुमेना. मी रोज ऐकलंय. त्या सकाळीसुद्धा."

बाहेर बकऱ्या धुक्यातून परतत होत्या. तिला गप्प बसता आलं असतं. त्याने घंटा उचलून नेली असती, आणि उद्या उजाडायच्या आधी...

ती उठली. फळीवरची बशी काढून तिने त्याच्यासमोर ठेवली. बशीत एक पांढरी गोळी होती.

"हे काय?"

"त्या सकाळची." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "बाबा झोपले होते. म्हटलं, उठले की देईन. तू दोनदा उत्तर दिलंस, आठवतं? मी तेच गुणगुणत बकऱ्यांकडे गेले आणि विसरले. घंटा मी गोळी न देताच वाजवली, यावोर. बाबांसाठी नाही... मला तुला ऐकायचं होतं."