बॅटरी काढून ठेवली होती

शेकोटीत आणखी एक ओंडका सरकवा रे. आणि पोरांनो, मध्ये बोलू नका. हे माझ्या पदरचं नाही. लाइल हार्कनेस माझा जुना दोस्त. त्यानं हे एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता.

लाइल हेलिकॉप्टरांचा मिस्त्री. बायको गेल्यापासून ऑस्ट्रेलियातल्या कॅथरीन गावाबाहेर एकटाच राहायचा. गेल्या वर्षी सव्वीस जुलैला, शनिवारी, तीनशे किलोमीटर गाडी हाकत तो बॅरोफील्डच्या कुरणावर पोचला. तिथं गुरं वळवायला एक छोटं, दोन माणसांचं हेलिकॉप्टर होतं, आणि ते उडवणारी टॅमसिन पास्को. तक्रार साधीच. इंजिनाचा वेग दाखवणारा काटा उडता उडता मध्येच शून्यावर पडायचा. त्याच तबकडीत दुसरा काटा वरच्या पंख्याचा, तो मात्र ठीक. उडताना दोघं जोडीनं एका रेषेत राहायला हवेत.

दिवस मावळायच्या आत दोघांनी शेडबाहेर इंजिन सुरू करून पाहिलं. काटा एकदा पडला आणि मग तासभर शहाण्यासारखा उभा राहिला.

"डॉक्टरच्या दारात पोराचा खोकला थांबतो, तसं झालंय हे," टॅमसिन हसली. "नाही सापडलं तर यंत्र ठीक म्हणून सही ठोकून दे, म्हाताऱ्या. सातला मला उडायचंय. चारशे गुरं पलीकडच्या कुंपणात पाण्यावाचून अडकलीत. मी काट्यावर नाही, कानांवर उडवते."

लाइलनं हातातला पाना खाली ठेवला. तीन वर्षांपूर्वी केल्विन स्ट्रँग नावाचा पायलट अगदी हेच बोलला होता. कुरण दुसरं, हेलिकॉप्टर दुसरं, तक्रार हीच. दोष सापडला नव्हता, तरी लाइलनं सही केली होती. तिसऱ्या दिवशी केल्विन ओढ्यात कोसळला. चौकशीत काही निष्पन्न झालं नाही. लाइलला कुणी बोल लावला नाही, आणि तेच त्याला खात होतं.

"पहाटे सांगतो," एवढंच तो म्हणाला.

टॅमसिन झोपायला गेली. हेलिकॉप्टर शेडमध्ये ढकलून लाइल त्याच्यापाशी एकटा उरला. त्यानं बॅटरी काढून बाहेर बाकड्यावर ठेवली. तबकडी बदलून पाहिली होतीच. आता इंजिनापासून तबकडीपर्यंत जाणारी बारीक तार मीटर लावून तपासली. चांगली. पुन्हा तपासली. चांगली. अकरा वाजले. त्यानं थर्मासमधला काळा चहा ओतला, डब्यातलं थंड मांस पावावर ठेवलं आणि न खाताच बसून राहिला. बोलायला कुणी नाही. घरी तरी कोण होतं म्हणा!

बारा वाजून वीस मिनिटांनी त्यानं नोंदवही उघडली. सही करणार होता. हो, त्यानं मला स्वतः सांगितलं. करणारच होता.

तेवढ्यात त्याची नजर तबकडीवर गेली.

इंजिनाचा काटा वर चढत होता.

सावकाश. न थरथरता. बॅटरी बाकड्यावर. इंजिन थंडगार. वरचा पंखा दोरीनं बांधलेला...

काटा उडायच्या वेगावर येऊन थांबला.

मग दुसराही निघाला. पहिल्याला गाठलं. दोघं जोडीनं उभे.

आवाज नाही. वारा नाही. बाहेरची कुत्रीही गप्प.

"कोण आहे?"

...

"केल्विन?"

इंजिनाचा काटा शून्यावर पडला. पुन्हा चढला.

लाइल पळाला असता. पळाला नाही. आणि खरं सांगू? त्याला पळायचंही नव्हतं. तीन वर्षांत त्या नावानं हाक मारायची त्याची पहिलीच वेळ.

"दाखव," तो म्हणाला. "या खेपेला दाखव रे..."

सीटमागच्या फटीतून हात घालून तो तारेवरून बोट फिरवत गेला. एक वीत. काटा उभा. दोन विती. उभा. तार जिथं पत्र्याच्या पट्टीत आवळली होती, तिथं बोट आलं...

काटा पडला.

दोन्ही पडले. उठलेच नाहीत.

त्यानं पट्टी सोडवली, तारेचं वरचं आवरण चिरलं. आतले तांब्याचे धागे सगळे तुटलेले. स्थिर असताना एकमेकांना टेकत, हादरा बसला की सुटत. लाइल तिथंच बसून रडला. मग तार नवी घातली, बॅटरी जोडली आणि उजाडेपर्यंत तपासत राहिला.

पहाटे त्यानं टॅमसिनला केल्विनची सगळी हकीकत सांगितली, सहीसकट. ती उठून हेलिकॉप्टरापाशी गेली. मग म्हणाली, "चल, हात लाव."

दोघांनी यंत्र ढकलत बाहेर काढलं. इंजिन सुरू झालं, काटे जुळले. मग तिनं शेडकडे सहज मान वळवली आणि इंजिन बंद केलं.

"लाइल, रात्री आतच चालवून पाहिलंस? वेडा आहेस का?"

शेडची जमीन मातीची. लाल धूळ बोटभर साचलेली. पण मधोमध, पंख्याच्या घेराएवढं, एक गोल लख्ख झाडून निघालं होतं. कडेला धुळीचा बांध.

त्या गोलात बुटाचा एकही ठसा नव्हता. लाइल तर रात्रभर तिथंच वावरला होता, आणि आत्ताच दोघांनी यंत्र तिथूनच ढकलत नेलं होतं.