तेरेझआजींचं पाणी

दिवा राहू दे रे, अथर्व. ही गोष्ट अंधारात सांगण्याइतका मी धीट नाही. आणि मी स्वतः तिथे नव्हतो, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आमचा पुष्कर मूळचा नागपूरचा. काम घरूनच, म्हणून कॅनडातल्या फ्रेंच मुलखात, लव्हाल शहराच्या उत्तरेला, दोन तासांवरच्या खेड्यात घर घेतलं. शेजारी तेरेझआजी, एकट्या. गेल्या वर्षी ऐन हिवाळ्यात त्यांचं घर पेटलं. बंब येणार पाऊण तासावरून. आजी खिडकीतून पाणी मागत होत्या. पुष्करच्या नळातलं पाणी गोठलेलं. तो बर्फात रिकाम्या हातांनी उभा... शेवटी घराच्या धुराड्याची विटांची चिमणी तेवढी उरली.

मग गावानं स्वतःचंच अग्निशमन दल काढलं. सगळे स्वयंसेवक. जुना टँकर आणला, गरम शेड बांधली. टाकी भरलेली ठेवायचं काम पुष्करनं मागून घेतलं.

यंदा फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. सकाळी तपासनीस येणार होता. टाकी भरलेली नसेल, तर मान्यता नाही. रात्री साडेनऊला पुष्कर बघायला निघाला.

"लग्न माझ्याशी केलंस की त्या टँकरशी?" अनुया म्हणाली.

"टँकर मला ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला लावत नाही," म्हणत तो सटकला.

शेडमध्ये टाकीचा काटा अर्ध्यावर. गळती म्हणावी, तर फरशी कोरडी ठणठणीत. त्यानं पाइप लावून टाकी भरली. दिवा घालवणार, तोच आत खळखळ झाली.

काटा उतरत होता.

त्यानं पुन्हा भरली. पुन्हा खळखळ. पाणी जात होतं. कुठे...

भिंतीपलीकडून आवाज आला. अगदी हळू.

"द लो, पुश्कार... द लो..."

फ्रेंचमध्ये पाणी मागत होतं कुणीतरी. त्याला 'पुश्कार' म्हणणारी गावात एकच बाई होती.

काटा शून्याशी. सकाळी तपासनीस...

त्यानं नळ पुरता उघडला.

"घ्या, आजी," तो मराठीतच म्हणाला. "लागेल तेवढं घ्या."

रात्रभर पाणी येत राहिलं. जात राहिलं.

पहाटे खळखळ थांबली. टाकी काठोकाठ भरली. तपासनीसानं पाहिलं, मान्यता दिली.

घरी जाताना पुष्करला आजींची चिमणी दिसली. वरपासून खालपर्यंत बर्फाचा जाड थर, पेटलेल्या घरावर रात्रभर पाणी मारल्यावर चढतो तसा. भोवतीच्या भुसभुशीत बर्फात पावलाचा एक ठसा नाही.

काय म्हणतेस गौरांगी, फ्रीझिंग रेन, पडताच गोठणारा पाऊस? असेल बाई. मीही पुष्करला तेच म्हणालो. परवा तो मला तिथे घेऊन गेला.

आता जुलै चालू आहे ना?

मी चिमणीला हात लावला...

बर्फ अजून वितळलेला नाही.