एकोणीस अंडी आणि कोमट पाणी

उबवण पेटीत एकोणीस अंडी होती. अठरा दिवसांपूर्वी ठेवली तेव्हा चोवीस होती. सातव्या दिवशी त्यांतली पाच रिकामी निघाली, म्हणजे फळलेलीच नव्हती. उरलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने आकडा होता, बोथट टोक वरच्या बाजूला होतं आणि पेटीचं तापमान साडेसदतीस अंश होतं. हेमांगी वळवीने हे सगळं दोनदा तपासलं आणि मग ठोकामापकाच्या पडद्याकडे पाहिलं. जिवंत गर्भांच्या रकान्यात शून्य होतं.

दहाव्या दिवशी तिथे एकोणीस होते. तेराव्या दिवशी अकरा. सोळाव्या दिवशी तीन.

ठोकामापक साबणाच्या वडीएवढा होता. अंड्याच्या कवचातून तो आत लाल उजेड सोडायचा. गर्भाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला फुगतात आणि आकसतात, त्यामुळे परत येणारा उजेडही त्याच तालात कमीजास्त होतो. तो ताल यंत्र मोजत असे. २०४१ साली देशातलं कुठलंही उबवणी केंद्र त्याच्याशिवाय चालत नव्हतं.

सकाळी अकरा वाजता पुण्याहून डॉ. ओगल्यांचा फोन आला. प्रकल्प त्यांचाच होता.

"हेमांगी, आकडे पाहिले मी. वाईट वाटतं, पण आता थांबायला हवं."

"सर, एकविसाव्या दिवसापर्यंत थांबू या ना. तीनच दिवस."

"मेलेलं अंडं पेटीत फुटलं तर काय पसरेल सांगता येत नाही. परवान्यात स्पष्ट लिहिलंय. चार वाजेपर्यंत अंडी वाफेत घालून नष्ट कर. आणि प्रयोग फसला की यजमान कोंबड्याही ठेवता येत नाहीत, त्या उद्या."

हेमांगीने फोन ठेवला. यजमान कोंबड्या खिडकीतून दिसत होत्या. जाळीआड माती उकरणाऱ्या बारा पांढऱ्या कोंबड्या आणि दोन पांढरे कोंबडे. बोरपाणीच्या या टेकडीवर एकेकाळी पांढरी कोंबडी औषधालाही सापडली नसती. इथली कोंबडी काळी असायची. पिसं काळी, तुरा काळा, जीभ काळी, मांस काळं, हाडंसुद्धा काळी. नऊ वर्षांपूर्वी सातपुड्यात कोंबड्यांची साथ आली आणि रोग पसरू नये म्हणून महिन्याभरात सगळे कळप मारले गेले. बोरपाणीच्या वाणाचं एकही पाखरू उरलं नाही.

उरल्या होत्या फक्त तीन कुप्या. साथीच्या आधी पुण्याच्या केंद्राने इथून सात अंडी नेली होती. अडीच दिवसांच्या गर्भाच्या रक्तात काही पेशी फिरत असतात, ज्यांच्यापासून पुढे त्या पाखराचं स्वतःचं बीज तयार होतं. या आदिबीजपेशी वेगळ्या काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवल्या होत्या. गेल्या वर्षी त्या पांढऱ्या गर्भांमध्ये सोडल्या. त्या गर्भांचं स्वतःचं बीज आधीच काढून टाकलेलं होतं. ते गर्भ वाढून या पांढऱ्या कोंबड्या झाल्या. रंग पांढरा, पण पोटातलं बीज काळ्याचं. तिन्ही कुप्या त्यात संपल्या होत्या. उद्या या कोंबड्या गेल्या की वाण गेला.

"यंत्राने जेवायला सुट्टी दिली का?" दारातून आवाज आला. जिरमीफुई फडक्यात भाकर बांधून उभी होती. ती हेमांगीच्या वडिलांची चुलत बहीण. इथल्या केंद्राच्या कोंबड्या तीच राखायची. नऊ वर्षांपूर्वी ती सात अंडीही तिच्याच टोपलीतून गेली होती.

"फुई, भूक नाही."

"तोंड का असं? कुणी मेलं का?"

"सगळे." हेमांगीने पडद्याकडे बोट केलं. "एकोणीसच्या एकोणीस. चार वाजता वाफेत घालायचीत. उद्या पांढऱ्या कोंबड्याही."

फुई पेटीजवळ आली. काच हाताने पुसून तिने आत बराच वेळ पाहिलं.

"कुणी सांगितलं मेली म्हणून?"

"यंत्राने. उजेड सोडून बघतं ते."

"उजेड?" फुई हेमांगीकडे वळली. "अगं, काळीचं अंडं आठ दिवसांनंतर कुणी उजेडाला धरतं का?"

"म्हणजे?"

"पांढरीचं धरतात. आत लाल दोरे दिसतात. काळीच्या अंड्यात नुसता अंधार. आमची आई म्हणायची, बघायचं ते आठ दिवसांच्या आत बघून घ्या, मग नको. माझ्या लग्नानंतर सासूने एकदा उजेडाला धरलं आणि चांगली नऊ अंडी उकिरड्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर चिवचिवाट. बाईने आठ दिवस मला तोंड दाखवलं नाही."

हेमांगी हसली नाही. खुर्ची ओढून तिने यंत्राच्या मूळ नोंदी उघडल्या. आतापर्यंत ती फक्त निष्कर्ष वाचत होती: जिवंत की मृत. आता किती उजेड आत गेला आणि किती परत आला ते आकडे पाहू लागली. बारा नंबरचं अंडं. दहाव्या दिवशी शंभरातले एकतीस भाग परत आले होते. तेराव्या दिवशी चौदा. सोळाव्या दिवशी चार. आज अर्धा.

मेलेल्या गर्भाचा उजेड असा कमी होत नाही. तो परत येतो, फक्त त्यात ताल नसतो. इथे उजेडच परत येत नव्हता.

"फुई," ती सावकाश म्हणाली, "बाकीच्या कोंबड्यांमध्ये काळा रंग करणाऱ्या पेशी कातडीपर्यंत जातात आणि थांबतात. तुझ्या कोंबडीत त्या थांबतच नाहीत. हाडात शिरतात, आतड्यावर पसरतात. मग कवचाखालच्या पडद्यातही पसरत असतील. म्हणून सगळा उजेड आतच गिळला जातो."

"मी वेगळं काय सांगितलं?"

"या यंत्राला दोन लाख अंडी दाखवून शिकवलंय. सगळी पांढऱ्या कोंबड्यांची. काळी शिल्लकच नव्हती ना तेव्हा."

ओगल्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "तर्क चांगला आहे. पण उजेड परत येत नाही, एवढ्यावरून गर्भ जिवंत आहे असं म्हणता येत नाही. मला पुरावा हवा. आणि चार वाजेपर्यंतच."

पुरावा कुठून आणायचा? अंडं फोडलं तर जीव जाणार. दुसरं यंत्र पुण्याला. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पाणी तापव," फुई म्हणाली.

"कशाला?"

"पोहायला घालू. जिवंत असेल ते हलेल, मेलेलं असेल ते पडून राहील. पांढरीला उजेड, काळीला पाणी, असंच करायचो आम्ही."

हेमांगीचा हात क्षणभर थांबला. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. ओल्या कवचातून जंतू आत जातात, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. पण चार वाजता वाफ होतीच. तिने स्टीलचं पातेलं धुतलं, पाणी उकळून निवत ठेवलं आणि त्यात तापमापक सोडला. फुईने स्वच्छ धुतलेलं कोपर पाण्याला लावलं.

"थांब. अजून गरम आहे." थोड्या वेळाने पुन्हा. "अजून थोडं... हां. आता घे. अंगाला लागलं न लागलं असं."

तापमापकावर ३८.२ होतं. कोंबडीच्या पोटाखाली साधारण एवढंच असतं.

फोनचा कॅमेरा पातेल्यावर धरला होता. पुण्यात ओगले बघत होते. हेमांगीने एक नंबरचं अंडं पाण्यात सोडलं. ते बोथट टोक वर करून तरंगलं. तरंग हळूहळू विरले आणि पाणी आरशासारखं स्थिर झालं. अंडंही स्थिर.

"कोणी टेबलाला हात लावू नका," ओगले म्हणाले.

"तुम्हीही खोकू नका, साहेब," फुई म्हणाली.

दहा सेकंद. वीस. तेविसाव्या सेकंदाला अंड्याने मान डोलवावी तसा एक हेलकावा घेतला. त्याच्याभोवती पाण्यावर बारीक वर्तुळ उमटलं. पुन्हा एकदा. मग लागोपाठ दोनदा.

"अगं बाई," हेमांगी कुजबुजली.

"लाथा मारतंय," फुई म्हणाली. "आपलंच आहे."

एकेक अंडं उचलून, मऊ कापडाने टिपून पेटीत जात होतं. दोन नंबर हललं. तीन हललं. चार निपचित राहिलं. त्याला पूर्ण दोन मिनिटं दिली, पण व्यर्थ. पाच हललं. पंधरा नंबरने तर पाण्यात सोडताच गिरकी घेतली आणि हेमांगी मोठ्याने हसली. सोळाही निपचित निघालं. एकोणीस अंडी तपासून झाली तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती. सतरा हलली होती, दोन नाही.

"ती दोन वाफेत घाल," ओगले म्हणाले. "बाकीची राहू देत, कोंबड्याही. परवान्याचं मी बघतो." मग फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"सर, काय झालं?"

"याआधी दोन केंद्रांनी काळे वाण परत आणायचा प्रयत्न केला होता. दोन्हीकडे अठराव्या दिवशी सगळे गर्भ गेले, असा अहवाल आला. गोठवण्यात पेशी बिघडल्या असणार, असं मीच लिहिलं होतं."

हेमांगीने पेटीकडे पाहिलं. त्या दोन केंद्रांनी टाकून दिलेल्या अंड्यांत किती जण लाथा मारत होते?

"तिसरीकडे काम चालू आहे," ओगले एकदम म्हणाले. "आज त्यांचा सतरावा दिवस. हेमांगी, पाणी किती अंश होतं?"

"अडतीस पूर्णांक दोन."

"कोपर लावा म्हणावं," फुई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली. "आणि धुऊन लावा."

एकविसाव्या दिवशी पहाटे बारा नंबरच्या कवचाला पहिली चीर गेली. दुपारपर्यंत पेटीत इतका गलका झाला की फुईला बोलायला आवाज चढवावा लागला. तिने पहिलं पिल्लू ओंजळीत घेतलं, बोटाने त्याची चोच उघडली आणि आत पाहिलं. मग ते हेमांगीपुढे धरलं. संध्याकाळी सहा वाजता हेमांगीने नोंदवही पूर्ण केली.

उबवलेली अंडी चोवीस. फळलेली एकोणीस. पाण्यात हललेली सतरा. बाहेर आलेली पिल्लं सोळा. सरासरी वजन एकोणतीस ग्रॅम. काळी जीभ : सोळापैकी सोळा. ठोकामापकाचं विसाव्या दिवसाचं वाचन, जिवंत गर्भ : शून्य.