मुक्यानं आणलेली गौर

जेवणं झाली होती. जपानात, कावासाकीच्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये केदारने मोठा दिवा घालवला, केतकी त्याच्या शेजारी येऊन बसली आणि नीलकंठकाकांनी सावकाश सुरुवात केली.

“दिगंबर माझ्या ऑफिसातला. नागानोच्या डोंगरात एका वीजघराचं सॉफ्टवेअर बसवायला वर्षभर तिथेच राहिला. बायको जयमाला, मुलगी उल्का. पाच वर्षांची, बडबडी.

“दरी बघत राहावी अशी. दोन्हीकडे तीन हजार मीटरचे कडे, घळींमधून सप्टेंबरातही बर्फ. मधून नदी, हिरवट, नितळ. हात घातला की बोटं बधिर. पण तिथे सूर्य लवकर जातो. वर शिखरं तांबडी असतात, आणि खाली अंधार भरलेला असतो.

“शहाण्णव साल, गौरी आवाहनाची संध्याकाळ. जयमालाकडे खड्याच्या गौरी. पाणवठ्यावरून पाच खडे आणायचे. मुक्यानं, मागे न बघता.”

“आमच्याकडेही,” केतकी म्हणाली. “आजी म्हणायची, वळून पाहिलं तर गौर परत जाते.”

“तेच. उल्काला दिगंबरपाशी ठेवून ती ताम्हन घेऊन निघाली. झुलता पूल ओलांडला, लार्चची झाडी मागे टाकली, नदीच्या वाळवंटात उतरली. सगळे गोटे डोक्याएवढे. मुठीत मावणारा खडा मिळेना. मग तिला लहान लहान उतरंडी दिसल्या, खड्यावर खडा रचलेल्या. कुणीतरी भक्तीनं रचलंय, म्हणजे पवित्रच, असं वाटलं तिला. पाच उतरंडींवरचा एकेक खडा तिने उचलला.”

“कसल्या होत्या?” केदारने विचारलं.

“आईबापांआधी गेलेल्या पोरांसाठी रचतात. त्यांना तिथलं कुणी हात लावत नाही.”

केदारने उठून खिडकी लावून घेतली.

“ती परत फिरली. जरा चालली. आणि मागून... ‘आई.’”

“उल्का?”

“आवाज तिचाच. जयमालाला वाटलं, पोर मागे आली. बोलायचं नाही. वळायचं नाही. घरी गेल्यावर घेऊ उचलून. झाडीत... ‘आई, थांब ना.’ पुलावर... ‘आई, हात दे.’ पूल हलत होता. ती चालत राहिली.”

“एकदा तरी बघायचं ना, काका.”

“तू वळली असतीस?”

केतकीने मान खाली घातली.

“दारात दिगंबर. ‘उल्का कुठाय? तुझ्या मागोमागच धावली की.’ आता जयमालाने मागे बघितलं. रस्ता. अर्धा चंद्र. बास.

“सकाळी सापडली. पुलाच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या काठाशी, त्या उतरंडींजवळच्या पाण्यात. पोर पुलापर्यंत परत आलीच नव्हती.”

“मग पुलावर...”

काका कडवट हसले.

“दिगंबर म्हणायचा, मी मुलीला धरलं नाही, हिनं नियम सोडला नाही. घरी देव तेवढे नीट पोचले.”

काकांनी चष्मा काढून पुसला.

“त्या दिवशीची साडी दाखवली त्याने मला. पदराच्या टोकाला चिखल. मुठींचे ठसे. घट्ट धरलेल्या. एक उल्काच्या मापाचा. बाकीचे... तिच्याहून लहान.”