तीन बोटं वर

जुन्या वस्तूंच्या दुकानात आम्हा दोघांचे हात एकदमच त्या कॅमेऱ्यावर पडले.

"मी आधी धरला," मी हळूच म्हणाले.

"तुम्ही पट्टा धरलात. कॅमेरा मी धरलाय."

दुकानदारकाकांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "अर्धा अर्धा कापून देऊ का?"

दुसरा हात मागच्या गल्लीतल्या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याचा. एका गिऱ्हाइकाच्या अशाच कॅमेऱ्याचं शटर गेलं होतं. हा मोडून याचं त्यात बसवायचा त्याचा बेत. मला मात्र तो अख्खा हवा होता. एकावर एक दोन लेन्स, रुंद फिल्मचा रोल, आणि वरून बघायची चौकोनी काच... मान खाली घालून जग बघायची ही सोय मला फार आवडली.

"वापरता येतो?"

"नाही."

इतकं सरळ उत्तर त्याला अपेक्षित नसावं. मी सांगितलं, खोटं बोलायचं नाही हा माझा नेम आहे. रोज सकाळी देवापुढे हात जोडून त्या दिवसापुरता घेते. जन्मभराचा एकदम पेलवत नाही. तो हसला नाही. तिथेच मला तो बरा वाटला.

"मग असं करू. घ्या तुम्ही. तीन रोल काढा. तिसऱ्यात बाराच्या बारा फोटो नीट आले, तर कॅमेरा तुमचा. नाहीतर माझा. लावता पैज?"

"पैज मी लावत नाही. शब्द देते."

मी ग्रंथालयात जुनी पुस्तकं शिवते. या फिल्मच्या पाठीला कागदच असतो; कागद गुंडाळायला मला कोण शिकवणार, अशा तोऱ्यात पहिला रोल भरला... आणि सैल भरला. उजेड आत शिरून बाराही फोटोंच्या कडा पांढऱ्याफटक.

मग काम संपल्यावर रोज त्याच्या दुकानात शिकवणी सुरू झाली. माणूस उजवीकडे सरकला की काचेत तो डावीकडे पळायचा, आणि मी कॅमेरा घेऊन भलतीकडेच वळायची.

"पाठलाग करू नका," तो म्हणायचा. "थांबा. समोरचा येतो आपोआप."

"नेहमी येतो?"

"कॅमेऱ्यात तरी येतो," तो म्हणाला आणि उगीचच स्क्रूची डबी शोधू लागला.

दुसऱ्या रोलमध्ये ताईचं डोकंच आलं नाही. ताई भडकली. भावजी म्हणाले, "हुबेहूब आलीये की!"

दुकानात त्याने फोटो उलटसुलट पाहिला. "वरचा डोळा बघणारा, खालचा फोटो घेणारा. दोघांत तीन बोटांचं अंतर. लांबून काही बिघडत नाही. जवळ गेलं की बिघडतं. म्हणून जवळून घेताना, बघून झालं की कॅमेरा तीन बोटं वर उचलायचा."

त्याने माझ्या कोपराला खालून हलकासा आधार दिला. तीन बोटांचाच.

"रोज रोज कसली गं दुरुस्ती?" ताईने त्या आठवड्यात विचारलं. "बिघडलंय कोण? कॅमेरा, की तू?"

मी गप्प राहिले. गप्प राहायला नेमाची आडकाठी नाही.

तिसरा रोल त्यानेच धुतला. फोटो टेबलावर मांडत गेला... जिना, नळ, ताई डोक्यासकट. अकरा नीट. बारावा त्याचा, समोरच्या स्टुलावर बसलेला. शर्टाची बटणं, हातातला पेचकस, हनुवटी. वर काही नाही.

"हरलात."

"हो. घ्या कॅमेरा."

त्याने घेतला नाही. "तीन बोटं विसरलात?"

हाच प्रश्न मला नको होता. 'हो' म्हटलं की सुटले असते. पण सकाळीच देवापुढे हात जोडले होते.

"नाही... विसरले नव्हते."

"मग?"

"बारा नीट आले असते, तर उद्यापासून इथे यायला कारण काय उरलं असतं?"

मग खणातून कागदात गुंडाळलेलं एक शटर काढून त्याने माझ्यापुढे ठेवलं.

"हे मला दुसरीकडून मिळालंय. पंधरा दिवस झाले. त्या गिऱ्हाइकाला अजून ताटकळत ठेवलंय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"माझा कुठे नेम आहे?"

मला हसू आवरेना. "त्या माणसाचा कॅमेरा उद्याच द्या."

"देतो. पण हा बारावा फोटो पुन्हा घ्यावा लागेल."

त्याने नवा रोल पुढे केला. मी भरला, घट्ट. तो स्टुलावर बसला. काचेत बघितलं तर तो एकसारखा चुळबुळत होता.

"हलू नका."

"अजून 'नका'च?"

मी मान खालीच ठेवली. कॅमेरा तीन बोटं वर उचलला.

"हलू नकोस," मी म्हणाले, आणि शटर दाबलं.