सोनेरी टाका

“चुकीची गॅसटाकी घेताय तुम्ही.”

वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मागून आवाज आला, पण मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. वृद्धाश्रमात सलग सहा दिवस ड्यूटी झाली होती, पाठ भरून आली होती, आणि बाहेर ऑक्टोबरचा तो पाऊस लागला होता – ज्याला धड पाऊसही होता येत नाही आणि धड बर्फही. अशा वेळी कुणी चुका काढल्या की माझं डोकं फिरतं.

“मी विचारलं का तुम्हाला?”

“नाही. पण हातात टंगस्टनच्या काड्यांची डबी आहे, म्हणजे टिग वेल्डिंग शिकायला निघालायत. आणि मागताय मिसळलेला गॅस! पहिल्याच मिनिटाला काडी काळी पडेल. मग मशीनला शिव्या घालाल... बिचारं मशीन.”

आता मात्र मी वळले. पस्तिशीचा असेल. भिजलेलं जाकीट, दोन दिवसांची दाढी, आणि आठवडाभर झोप न झाल्यासारखे लाल डोळे. दमलेल्याला दमलेला लगेच ओळखू येतो.

“मग काय मागू?”

“शुद्ध आर्गॉन.”

“ओरेस्ट, गिऱ्हाईक माझं आहे हं!” काउंटरवरच्या बाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी टाकी पुढे केली.

ती टाकी त्यानंच पावसातून माझ्या गाडीपर्यंत नेली, मागच्या सीटवर उभी करून पट्ट्यांनी घट्ट बांधली, खिडकी बोटभर उघडी ठेवली. “सांभाळून न्या हिला.”

“आणि तुम्हाला कुठे सोडू?” मी बोलून गेले, आणि कानापर्यंत लाल झाले.

तो हसला. हसतानाही दमलेलाच दिसत होता. “मी उद्या उत्तरेला, खाणीवर. तिथे पाइप जोडतो. पंधरा दिवसांनी येईन... तोवर काड्या संपल्या तर फोन करा.” टंगस्टनच्या डबीवर त्यानं नंबर लिहिला.

माझं नाव आयला. बाबांबरोबर राहते. तळ्याकाठी आमची लाकडी खोपटी आहे, तिच्यात सॉना, तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली. तिथल्या भट्टीला लागून पाणी तापवायची स्टीलची टाकी होती. ती शिवणीत उसवली आणि पाणी विस्तवावर गळू लागलं. दुकानदार म्हणाला, फेकून द्या. बाबांनी शनिवारी खोपटीवर जायचंच बंद केलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना तेवढाच एक आनंद उरला होता.

म्हणून मी ते छोटं, स्वस्तातलं मशीन मागवलं. बुटांच्या खोक्याएवढं. घरच्या प्लगवर चालणारं, पायाचं पेडल नसलेलं. खरं सांगू? गळकी टाकी हे निमित्त होतं. मी दिवसभर म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, चादरी बदलते, आणि सकाळी सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा जोडलं की जोडलेलं राहील, असं काहीतरी मला करायचं होतं.

पंधरा दिवस मी गॅरेजमध्ये पत्रे जाळले. एका हातात वेल्डिंगची टॉर्च, दुसऱ्या हातात तार. हात थरथरायचा, काडी वितळलेल्या स्टीलमध्ये बुडायची आणि चिकटायची. जरा जमतंय असं वाटावं, तर आत बाबा कॉफीची किटली लावायचे आणि फ्यूज उडायचा.

“बाबा!”

“अगं, माणसानं कॉफीसुद्धा प्यायची नाही?”

सोळाव्या दिवशी मी फोन केला. “काड्या संपल्या.”

“वाट बघत होतो,” तो म्हणाला. “म्हणजे... संपायची.”

आल्याआल्या त्यानं मशीन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मला वाटलं, आता हसणार. “चांगलं आहे,” तो म्हणाला. “लहान आहे, पण खोटं बोलत नाही. चालवा बघू.”

मी चालवलं. काडी चिकटली.

“हात हवेत का धरलाय?”

“मग कुठे धरू?”

“टेकवा. दमलेला हात हवेत ठेवायचा नसतो.” त्यानं लाकडाचा एक ठोकळा माझ्या मनगटाखाली सरकवला. त्याची बोटं जेमतेम लागली असतील... पण पुढचे दोन टाके माझे वाकडेच गेले.

“आता काय झालं?” त्यानं अगदी साळसूदपणे विचारलं.

“काही नाही. फ्यूज उडाला.”

“दिवा तर चालू आहे.”

“माझा उडाला!”

तो खो खो हसला. मग खुर्ची ओढून बसला, म्हणाला, “तुम्ही करत राहा, मी बघतो,” आणि पाच मिनिटांत बसल्याजागी झोपला. मला हसू आलं. इतकं निर्धास्त माझ्यासमोर कुणी झोपलं नव्हतं. वृद्धाश्रमातली माणसंसुद्धा नाहीत. मी हेल्मेट खाली ओढलं, मनगट टेकवलं, श्वास सोडला. हेल्मेट वर केलं तेव्हा पत्र्यावर एक सरळ शिवण होती – नाण्यांची चळत आडवी पाडावी तशी, फिक्कट सोनेरी.

“सोनेरी म्हणजे उत्तम,” तो डोळे न उघडताच म्हणाला.

“तुला काय दिसतंय झोपेत?”

“आवाज ऐकला. चांगला टाका शांत असतो.”

‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते कळलंच नाही.

मग सुट्टीभर तो रोज संध्याकाळी यायचा. आम्ही टाकीची जुनी शिवण घासून काढली, नवी घालायला घेतली. बाबा वेलदोड्याचा पाव आणून ठेवायचे आणि कॉफी आधीच करून घ्यायचे. कधी आम्ही दोघंही इतके दमलेले असायचो की पाव खाऊन नुसते बसून राहायचो. बोलायचं ओझं नसायचं.

टाकीचा एकच कोपरा राहिला होता, तेव्हा त्या गुरुवारी तो म्हणाला, “पश्चिमेला दोन वर्षांचं काम आलंय. उद्यापर्यंत कळवायचंय.”

रोज कितीतरी सुरकुतलेले हात माझी बाही धरतात – जाऊ नकोस. ते शब्द किती जड असतात, मला ठाऊक आहे. मी कुणाची बाही धरणार नव्हते.

“जा मग,” मी म्हणाले.

माझ्या हाताला गोळा आला होता, म्हणून शेवटचा कोपरा त्यानं केला आणि गेला. शुक्रवारी फिरकला नाही.

शनिवारी मात्र टाकी उचलायला हजर. आम्ही ती खोपटीवर नेली, भट्टीला बसवली, तळ्याचं पाणी भरलं. बाबांनी स्वतः लाकडं रचली. पाणी तापलं... आणि टप्. टप्.

मी कंदील धरून वाकले. “ही शिवण माझी नाही.”

“माहीत आहे.” त्याचा चेहरा पडला. “पंधरा वर्षांत माझा टाका गळला नव्हता.”

“मग?”

“तू ‘जा मग’ म्हणालीस ना... त्यानंतरचा आहे हा.”

टाकीतलं पाणी आता सणसणायला लागलं होतं. मी त्याची बाही धरली. “जाऊ नकोस, ओरेस्ट.”

तो हळूच म्हणाला, “कालच नाही म्हणून कळवलं.”

“आणि आता सांगतोस?”

“तू स्वतःहून म्हणतेस का, बघायचं होतं.”

“दुष्ट आहेस.”

“दमलोय, आयला. नाही म्हटलं ते त्यासाठीच. पण दमून कुठे येऊन बसायचं...” त्यानं बाहीवरचा माझा हात स्वतःच्या हातात घेतला. “ते तुझ्यामुळे ठरलं.”

आतून बाबा ओरडले, “टाकी गळतेय की तुम्ही दोघं?”

“टाकी!” आम्ही एकदमच म्हणालो.

“मग बादली ठेवा खाली आणि या. दगड तापलेत.”

कोपरा सोमवारी मी नव्यानं करायचा, असं ठरलं. बादली ठेवली. बाहेर तळ्यावर भुरभुर बर्फ सुरू झालं होतं, आणि आम्ही दोघं उंबऱ्यावरच टेकलो होतो – हातात हात घेऊन, पार थकून, कुठेही जायचं नसल्यासारखे.